जीपची खांदेमळणी

आमची जीप लष्कराची होती. देवळाली कॅम्पात जुन्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली आणि पाठोपाठ बैलजोडी विकून टाकली. तेव्हापासून मखमलाबादच्या आमच्या शिवारातली फुलं जीपने नाशकात जाऊ लागली. आमची तर जातच, आजूबाजूच्या मळ्यांतलीही जात. पहाटे नाना एकेका बांधाशी गाडी उभी करायचे, लोक पाट्या चढवायचे, आणि उजाडेपर्यंत जीप सराफ बाजारातल्या फुलबाजारात पोचायची. मी पाट्यांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन बसायचो आणि तिथून चालत कॉलेजला जायचो.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी बी.ए.ला होतो, विषय मराठी आणि इतिहास. पण शिवारातल्या लोकांच्या लेखी 'कॉलेजात' म्हणजे सगळंच आलं. कोणाचा रेडिओ खरखरला, कोणाच्या औषधाच्या बाटलीवर काय छापलंय ते कळेना, की माझ्याकडे यायचे. मी अंदाजाने काहीतरी सांगायचो. 'मला यातलं कळत नाही' हे वाक्य अनेकदा ओठांवर यायचं, पण शेजारी नाना उभे असायचे. त्यांचा चेहरा अशा वेळी असा काही उजळलेला असायचा की मी ते वाक्य गिळून टाकायचो.

बैल गेले त्याचं सगळ्यात जास्त आईला लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे घट्टे पडून कडक झालेले असतात. त्यांना हळद आणि लोणी चोळायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून आमंत्रण द्यायचं. बैल विकल्यावर आलेल्या पहिल्या पोळ्याला आई हळद-लोण्याची वाटी घेऊन रिकाम्या गोठ्याशी बराच वेळ उभी होती. मग ती जीपपाशी आली आणि नानांना म्हणाली, "अवं, हिच्यावर वझं कुठं येतं?"

नानांनी वाकून मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी ॲक्सल दाखवला. मधोमध फुगलेला, दोन्ही बाजूंना नळीसारखा गेलेला. आईने खाली पोतं अंथरलं, त्यावर आडवी झाली, सरकत सरकत जीपखाली गेली आणि त्या ॲक्सलला तिने हळद-लोणी चोळलं. पुढे दरवर्षी हे होऊ लागलं.

मला त्याची फार लाज वाटायची. एका वर्षी कॉलेजातला एक मित्र पोळ्याच्या आदल्या दिवशीच आला. जीपखालून आईचे दोन पाय बाहेर आलेले, आत बांगड्या वाजतायत, आणि आई मोठ्याने म्हणतेय, "उद्या जेवायला या बरं का!" मित्राला वाटलं त्यालाच आमंत्रण आहे. त्याने "हो, येतो" म्हटलं. मी त्याला सांगितलं की गाडीची साफसफाई चालली आहे, आणि घाईघाईने विहिरीकडे नेलं.

ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे, त्या वर्षी पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. फुलं उतरवून जीप बाजारातून गंगेकडे, म्हणजे गोदावरीच्या घाटाकडे, उतरत होती. तो उतार तीव्र आहे. नानांनी ब्रेक दाबला आणि गाडी जरा अडखळून तशीच पुढे जात राहिली. नानांनी हातब्रेक ओढला. गाडी रिकाम्या पाट्यांच्या एका ढिगात शिरून थांबली. कोणाला लागलं नाही. पण मागे आमच्या बांधाला बांध असलेले आबा बसले होते. ते खाली उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "नाना, आज पाट्यांत शिरली. उद्या गंगेत शिरंल. माझी फुलं आपली मी डोक्यावर नेतो."

ते हसून म्हणाले, पण त्यांनी तसं म्हणणं साधं नव्हतं. शिवारात लोक आबांकडे बघून ठरवायचे. झेंडू कळीवर येत होता, दसरा महिन्यावर आला होता आणि पलीकडच्या वस्तीत एकाने नवा टेंपो घेतला होता. दसऱ्याचा झेंडू एकदा टेंपोत गेला की मग वर्षभराच्या पाट्याही त्यातच जाणार, हे नानांना कळत होतं आणि मलाही.

नानांनी जीप कॅम्पात नेली. तिथे बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्री होते. लष्करी गाड्यांवर हात बसलेला माणूस. त्यांनी मागचं डावं चाक उतरवलं. आतली ब्रेकची लायनरं तेलाने चिंब झाली होती. मिस्त्रींनी बोटाला तेल लावून वास घेतला आणि मलाही दिला. कुजक्या लसणासारखा वास होता.

"ब्रेक ऑईल नाही हे," मिस्त्री म्हणाले. "ते पातळ असतं. हे गाढं आहे, गिअर ऑईल. ॲक्सलमधलं तेल अडवायला सील असतं, ते ओलांडून तेल चाकात येतंय."

त्यांनी नवीन सील बसवलं, लायनरं पेट्रोलने धुऊन पॉलिशपेपरने घासली. ब्रेक छान लागू लागले. आठवडाभरात तेल परत आलं. परत सील, परत धुणं. परत तेल. तो कुजका वास माझ्या बोटांना चिकटला होता. कॉलेजात मी हात खिशात घालून बसायचो.

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा नानांचा धीर सुटला होता. शेडमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत ते मिस्त्रींना म्हणाले, "तू जुनंच सील घालतोय. दर टायमाला पुसून तेच."

"अरे नाना, कसम से, नवा माल आहे. तुमच्यासमोर पुडीतून काढला."

"मला काय कळतंय पुडीतलं! हा बघ, माझा पोरगा कॉलेजात हाय. ह्याला दाखव."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. काढलेलं सील फडक्याने स्वच्छ पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "बघा साहेब. तुम्हीच सांगा."

मला तोवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. काळ्या रबराचं कडं होतं, आतल्या कडेला बारीक स्प्रिंग. मी ते फिरवून बघितलं, उजेडात धरलं. जुनं कसं दिसतं, नवं कसं दिसतं, मला काही माहीत नव्हतं. सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "हं."

"बघितलं?" नाना म्हणाले.

एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी फुलबाजारात नाना सांगत होते की माझ्या पोराने स्वतः बघितलं, सील जुनंच होतं, तो कॅम्पातला मिस्त्री लबाड आहे. आणि लोक मान हलवत होते, कारण बघणारा कॉलेजातला होता. मी पाट्या मोजत असल्यासारखं करून खाली बघत राहिलो. आमच्या बाजूच्या आणखी दोन जीपवाल्यांनी कॅम्पात जाणं सोडलं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायला वेळ नव्हता. घरी मला चैन पडेना. काहीतरी करून बघावं म्हणून एका पहाटे, गाडी निघायच्या आधी, मी जीपखाली शिरलो, ॲक्सल फडक्याने कोरडा केला आणि चुलीतली राख त्याच्यावर आणि चाकांच्या आतल्या बाजूला भुरभुरली. म्हटलं, तेल जिथून निघेल तिथे राख काळी पडेल. नाना बाजारात जाऊन आले. मी परत खाली गेलो. काळा ओघळ डाव्या चाकातून होता, आणि उजव्यातूनही होता. उजवीकडच्या सीलला कोणी हातही लावलेला नव्हता, ते पूर्वी कधी गळलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कशी बिघडतील? मिस्त्रींनी घातलेलं सील जुनं असतं तर उजव्याने का गळावं? मी राखेत पडून हाच विचार करत होतो आणि माझं ते 'हं' मला आठवत होतं.

"तेल कमी झालं आसंल, भरून घेऊ," नाना म्हणाले आणि पाना घेऊन आले. एरवी ते पहाटे, गाडी थंड असताना तेल भरायचे. त्या दिवशी गाडी नुकतीच आलेली, ॲक्सल हात लावू नये इतका तापलेला. त्यांनी तेल भरायच्या जागेचा मोठा नट सैल केला मात्र, आतून मोठ्याने फुस्स झालं आणि तेलाची पिचकारी नानांच्या सदऱ्यावर आली.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. स्टोव्ह विझवताना हवा सोडली की असाच आवाज येतो. मी म्हणालो, "नाना, हिच्या पोटात हवा कोंडलीय. तापली की फुगते आणि तेलाला बाहेर ढकलते. सील नवं असो की जुनं."

"मग इतकी वर्षं नाय कोंडली ती?"

ते मला माहीत नव्हतं. पण हवा आधी कुठूनतरी जात असली पाहिजे, एवढं समजत होतं. मी आडवा होऊन ॲक्सलच्या वरच्या बाजूने बोट फिरवत गेलो. ती बाजू खालून दिसत नाही, हातानेच चाचपावी लागते. एके ठिकाणी छोटी लोखंडी नळी वर आलेली लागली, बोटाच्या पेराएवढी. तिचं तोंड कसल्यातरी टणक गोष्टीने बंद होतं.

"आई, स्टोव्हची पिन आण," मी ओरडलो.

त्याच वेळी आबा अंगणात आले. ते शेवटचं सांगायला आले होते. झेंडू परवा तोडायचा होता आणि टेंपोवाला निरोपाची वाट बघत होता. जीपखालून माझे पाय बघून ते म्हणाले, "ह्या घरात कोणी ना कोणी गाडीखाली असतंच."

पिन पुरली नाही, वाकली. नानांनी सायकलची तार दिली. मी तार घालून फिरवली तसं आतलं कडक झालेलं काहीतरी तुकड्या-तुकड्याने निघू लागलं. वरून धुळीने काळं, आणि आतून पिवळं. ते तळहातावर घेऊन मी बाहेर आलो. वास घेतला. गिअर ऑईलच्या घाणीतूनही तो वास कळत होता. मी आईकडे बघितलं नाही. मला वाटतं नानांनीही बघितलं नाही.

"काय निघालं?" आबांनी विचारलं.

"माती हाय," नाना म्हणाले. "रस्त्याची."

आई चहाचे कप घेऊन उभी होती. ती पुढे आली, माझ्या तळहातावरचा तुकडा चिमटीत घेऊन तिने मोडला.

"माती कुठली? हळद हाय ती. माझीच."

"तू गप," नाना हळूच म्हणाले.

"गप कशापायी? उन्हाळ्यात त्या नळीवरची टोपी कुठंतरी पडली आसंल. खांदेमळणीला हात फिरवला तर भोक लागलं. बैलाला जू लागून जखम झाली की आपण हळद भरतोच ना? तशी भरली. चांगली दाबून भरली."

आबा आधी नुसते बघत राहिले. मग ओट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "वहिनी! म्हंजी गाडीला हळद लावली! आता नवरा बघा हिला. टेंपो हाय बघा पलीकडल्या वस्तीत, नवा कोरा!"

आईही हसली. पण आबांचं हसणं थांबलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "मग मिस्तरीनं जुनं सील घातलं म्हणला व्हता ना तू?"

मी तसं म्हणालो नव्हतो. आणि नाही म्हणालो असंही नव्हतं.  नाना सदऱ्यावरचं तेल पुसत बसले, ते निघणार नाही हे माहीत असून. आईने कप खाली ठेवले.

"उद्या कॅम्पात जायचं," ती म्हणाली. "मीबी येते. हळद माझी व्हती."

"मीबी येतो," आबा म्हणाले. "ब्रेक लागतो का ते बघतो. मग ठरवू फुलांचं."

आई त्याआधी कॅम्पात कधी गेली नव्हती. ती नवं लुगडं नेसून पुढे नानांच्या शेजारी बसली, मी आणि आबा मागे. कॅम्पातल्या बाजारात सायकलवरून जवान चालले होते, त्यांच्या बायका भाजी घेत होत्या. डोक्यावर पदर घेऊन आई गाडीतून उतरली आणि थेट त्या शेडमध्ये गेली. कोणीतरी ओळखीचं दिसेल का म्हणून मी इकडेतिकडे बघत होतो. आजही ते बघणं आठवलं की बरं वाटत नाही.

मिस्त्री एका गाडीखालून बाहेर आले. आम्हाला बघून त्यांनी हात पुसले, पण पुढे आले नाहीत.

"मिस्तरीभाऊ," आई म्हणाली, "तुमचं सील चांगलं व्हतं. गाडीचं नाक मी बुजवलं. पोळ्याला."

मिस्त्रींना काही कळेना. मग आईने सगळं सांगितलं, खांदेमळणी, टोपी, जखम, हळद. शेडमधली गिऱ्हाइकं हसू लागली. मिस्त्री हसले नाहीत. ते शेडमधल्या लाकडी फळीवर बसले.

"मला वाटलं माझा हात गेला," ते म्हणाले. "उम्र झाली, सील तिरकं बसतंय आपल्याकडून, असं वाटलं. मी दुसऱ्या गाड्यांची सीलची कामंही घेणं बंद केलं होतं, ताई. कोणी आलं की सांगायचो, दुसरीकडे न्या." मग नानांकडे न बघता म्हणाले, "वरती हात फिरवून बघायला पाहिजे होतं मीही. नाही बघितलं."

 नाना खांबाला हात लावून उभे होते.

मिस्त्रींनी नळी साफ केली. दोन्ही चाकांची लायनरं धुतली. भंगाराच्या डब्यातून शोधून एक छोटी टोपी काढली, ती नळीवर बसवली आणि मला हाक मारली. "साहेब, बघा जरा. बरोबर बसली का?"

मी वाकून बोटांनी चाचपलं. टोपी नळीवर जरा हलत होती. तशी हलायला हवी की नको, मला माहीत नव्हतं. आबा मागे उभे होते, नानाही. मी म्हणालो, "मला यातलं कळत नाही. मागच्या वेळीही कळलं नव्हतं."

 मिस्त्री खालूनच म्हणाले, "माहीत आहे. सील उलटं धरून बघत होता तुम्ही."

त्यांनी ते त्या दिवशी सांगितलं नव्हतं. नानांसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून, असं मला वाटतं. कदाचित तसं काही नसेलही, मी उगाच चांगला अर्थ लावत असेन.

"ही हलायला पाहिजे," ते म्हणाले. "हलली तरच हवा जाते. ताई, पुढच्या पोळ्याला हळद लावा, पण हिला सोडून."

आई म्हणाली, "हिला सोडूनच लावीन."

परत येताना आबांनी नानांना त्याच उतारावर गाडी न्यायला लावली. मध्यावर आबा ओरडले, "थांबीव!" नानांनी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली, आणि आबांचं डोकं पुढच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. डोकं चोळत ते म्हणाले, "लागला ब्रेक. चांगला लागला. परवा पहाटे गाडी लाव माझ्या बांधाला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप झेंडूने इतकी भरली होती की मी मागे उभाच राहिलो. सगळेच काही आले नाहीत. दोन मळेवाल्यांनी टेंपोला शब्द दिला होता, त्यांच्या पाट्या टेंपोतच गेल्या.

बाजारात फुलं उतरवून झाली तशी नाना म्हणाले, "इथं थांब," आणि पहिल्या गाळ्याकडे निघाले. ते काय सांगायला निघालेत ते माझ्या लक्षात आलं. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, "नाना, मी सांगू का?" मला वाटलं, मी नीट शब्दांत सांगेन, त्यांना फार बोलावं लागणार नाही.

"तू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू नुसतं हं म्हणला, तरी लोकांनी खरं मानलं. माझं मीच सांगतो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. पहिल्या गाळ्यावर ते म्हणाले, "त्या कॅम्पाच्या मिस्तरीला मी लबाड म्हणलो व्हतो. तो लबाड नाय. आमच्या घरची हळद भोकात बसली व्हती." गाळेवाल्याला ते आधी कळलंच नाही, मग कळलं. "काय नाना, नवरीला हळद लागली म्हणता!" बातमी आबांनी आधीच पोचवली होती. आजूबाजूचे हसायला लागले. नाना त्यांचं हसून होईपर्यंत मान खाली घालून उभे राहिले, आणि मग पुढच्या गाळ्यावर जाऊन तेच, त्याच शब्दांत, पहिल्यापासून सांगू लागले.

मी रिकामी पाटी धरून मागे उभा होतो. गाळे बरेच होते. माझी कॉलेजची वेळ होऊन गेली, पण ते शेवटच्या गाळ्यापर्यंत पोचेस्तोवर मला तिथून हलता आलं नाही.